करंजटाकळीचं अधिकृत अंतर

दोन गावांमधलं अंतर ही निसर्गाची देणगी आहे, असा एक समज लोकांत पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. निसर्ग फार तर दोन गावं आणि त्यांच्यामधली काळी माती पुरवतो. अंतर पुरवण्याचं काम कार्यालयाचं असतं. कार्यालय ते पुरवेपर्यंत अमुक गाव तमुक गावापासून किती लांब आहे हे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही, त्या रस्त्याने रोज चालणाऱ्यालाही नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. परभणी जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत मी एकोणतीस वर्षं लिपिक होतो आणि त्यातली अकरा वर्षं माझ्याकडे वाहनाचं टेबल होतं. (पंचायत समिती कोणती ते सांगत नाही. प्रत्येक तालुक्याला ती आपलीच वाटावी अशी इच्छा आहे.) वाहनाचं टेबल म्हणजे एक लॉगबुक, एक चाक-बदल नोंदवही आणि एक गाडी. महत्त्वाचा क्रमही हाच.

गाडीचा पुढचा अर्धा भाग एका जीपचा होता आणि मागचा अर्धा दुसऱ्या जीपचा. दोन्ही जीपा स्वतंत्रपणे निकामी ठरलेल्या होत्या. एकत्र आल्यावर त्यांना निकामी ठरवणारा आदेश नव्हता, म्हणून त्या चालत. देवगाव फाट्यावरच्या चंद्रभान मिस्त्रीने त्यांचा जोड घातला होता. गाडी सुरू पेट्रोलवर होई, आणि इंजिन तापलं की ड्रायव्हर सीटखालची चावी फिरवून तिला रॉकेलवर आणी. (हे नियमात बसत नसल्याने लॉगबुकात फक्त पेट्रोल लिहिलं जाई. त्यामुळे कागदोपत्री आमची गाडी एका लिटरला एकतीस किलोमीटर चाले, आणि जिल्ह्याच्या बैठकीत दोनदा आमच्या काटकसरीचं कौतुक झालं होतं.) दोन इंधनांची म्हणून लोक तिला ‘हायब्रीड’ म्हणत. त्या काळात आमच्याकडे ज्वारी हायब्रीड होती, कापूस हायब्रीड होता, तेव्हा गाडी तशी असल्याचं कोणाला नवल वाटलं नाही. आता मोठ्या शहरांत अशा गाड्या निघाल्यात आणि लोक त्यांच्यासोबत फोटो काढून घेतात म्हणे. आमच्याकडे ती १९८६ सालीच होती, आणि धूरही जास्त देत होती.

या गाडीला चाकांचे तीन संच होते. पहिला संच मधला, म्हणजे जीपचा मूळचा. दुसरा लहान, तो एका बदलून गेलेल्या साहेबांच्या मोडीत काढलेल्या अॅम्बॅसिडरचा होता. तिसरा मोठा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा. तो लोकसहभागातून मिळाला होता. चंद्रभान मिस्त्रीने अशा चकत्या बनवून दिल्या होत्या की तिन्ही संच गाडीला बसावेत. बसत होते. बसताना आवाज करीत, पण बसत.

एका गाडीला तीन मापांची चाकं कशाला, असं परक्याला वाटेल. आमच्या भागात पावसाळा लागला की काळी माती बुटाला धरते, चपलेला धरते आणि गाडीला तर बुडापर्यंत धरते. तिथे मोठंच चाक लागतं. उन्हाळ्यात रस्ता कडक होतो, तेव्हा मोठी चाकं झिजवणं हा अपव्यय ठरतो, म्हणून लहान. आणि हिवाळ्यात मधली. त्यासाठी कार्यालयाने कार्यपद्धती ठरवली होती: एक जुलैला मोठी चाकं, एक नोव्हेंबरला मधली, एक मार्चला लहान. चाक-बदलाचा अर्ज तीन प्रतींत. एक प्रत नस्तीत म्हणजे फायलीत, एक भांडारात आणि एक ड्रायव्हरने गाडीत ठेवायची. (ती काचेवरचं धुकं पुसायला उपयोगी पडे.) अवेळी चाकं बदलायची तर साहेबांची मंजुरी. सन १९८५-८६ या वर्षात गाडी अडतीस दिवस चालली आणि तिची चाकं एकेचाळीस वेळा बदलली, यावरून कार्यपद्धती किती जिवंत होती हे लक्षात यावं.

या कार्यपद्धतीतून एक शोध लागला. गाडीचा मीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक लहान असलं की तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त पडतात आणि मीटर जास्त अंतर दाखवतो. चाक मोठं असलं की कमी. त्यामुळे आमच्या लॉगबुकात पालम मे महिन्यात बासष्ट किलोमीटरवर असे, डिसेंबरात अठ्ठावन्नवर येई आणि ऑगस्टात बावन्नवर. जिल्ह्याहून आलेल्या तपासणी अधिकाऱ्यांनी याचा खुलासा मागितला. आम्ही लिहून दिलं की उन्हाने रस्ता प्रसरण पावतो. उष्णतेने वस्तू पसरतात हे त्यांनी शाळेत शिकलेलं होतं, त्यामुळे त्यांनी तो मान्य केला आणि खाली शेरा मारला, ‘खुलासा शास्त्रीय.’

आता मुख्य विषयाकडे येतो.

तेव्हा एक नियम होता. जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. जवळचं हायस्कूल आठ किलोमीटरहून जास्त लांब असेल तर गावच्याच शाळेला आठवीचा वर्ग जोडून मिळे. आठ किंवा त्याहून कमी असेल तर मिळत नसे, कारण तेवढं अंतर मूल चालू शकतं असं वर कुठेतरी ठरलं होतं. अंतर शासकीय वाहनाने, अधिकाऱ्यासमक्ष मोजायचं. नियम अत्यंत स्पष्ट होता, आणि स्पष्ट नियमासारखं दुसरं सुख नाही.

करंजटाकळी हे दीडशे उंबऱ्यांचं गाव. जवळचं हायस्कूल हिवरवाडीला. मधे ओढा आणि दोन्ही बाजूंनी उभी तूर. करंजटाकळीची पोरं सायकलवर हिवरवाडीला जात. पोरी जात नसत. गेल्या सहा वर्षांत गावातून सातवी झालेल्या मुली एकोणीस. आठवीत गेलेल्या शून्य. (आकडा मी स्वतः काढला. शून्याची बेरीज तपासायला सोपी जाते.)

बायनाबाईची अंबिका विसावी होती. बायनाबाई आणि तिचा नवरा सूर्यभान यांची बारा एकर कोरडवाहू जमीन होती आणि अंबिका त्यांची थोरली. जून ८६ मध्ये ती सातवीत बसली, त्याच दिवशी सूर्यभानने घरात निर्णय सांगून टाकला होता: वर्षभरात गावात आठवी निघाली तर पोरगी शिकेल, न्हाई निघाली तर झरीकडचं स्थळ सांगून आलंय, ते बघू. सूर्यभान वाईट माणूस नव्हता. तुरीतून एकटी पोर पाठवायला त्याची छाती होत नव्हती, एवढंच. पण बायनाबाईला आता एक वर्ष मिळालं होतं, आणि एका वर्षात सरकारकडून काहीतरी मिळवायचं म्हणजे काय, हे तिला अजून माहीत नव्हतं.

गावाचा अर्ज आला. मोजणी ऑगस्टात लागली. मोजणीला शिक्षण विस्तार अधिकारी दिनकरराव स्वतः गेले. दिनकररावांइतका सचोटीचा माणूस मी पाहिला नाही. कोणाच्या शेतातलं कणीस ते घेत नसत. गाडीत बसले की रस्त्याकडे, गावाकडे, माणसांकडे न बघता फक्त मीटरकडे बघत, म्हणजे बाहेरच्या कशाचा मनावर परिणाम व्हायला नको. पावसाळा असल्याने गाडीला मोठी चाकं होती. अंतर सहा पूर्णांक नऊ भरलं. अर्ज नामंजूर.

पंधरा दिवसांनी बायनाबाई एसटीने कार्यालयात आली. सोबत अंबिका. अंबिकाने हिवरवाडीपर्यंतचा रस्ता पायाने मोजला होता. बारा हजार आठशे पावलं, असं तिने वहीत लिहून आणलं होतं आणि वही माझ्या टेबलावर उघडून ठेवली. अक्षर चांगलं होतं. मी तिला समजावून सांगितलं की पाय हे शासकीय वाहन नाही. त्याला क्रमांक नाही, त्याचं लॉगबुक नाही, तेव्हा त्याने मोजलेलं अंतर ग्राह्य धरता येत नाही. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, “मग चालायचं मात्र पायानंच का?” वाहनाच्या टेबलाशी या प्रश्नाचा संबंध नव्हता, म्हणून मी तो शिक्षण विभागाकडे वर्ग केला.

बायनाबाईने मात्र कामाचं विचारलं. गाडीला एवढाली चाकं कशापायी, ती कायम असतात का. मी तिला नोंदवही दाखवली. मोठी जुलैला, मधली नोव्हेंबरला, लहान मार्चला. तिला वाचता येत नव्हतं. तिने अंबिकाकडून तो कागद दोनदा वाचून घेतला. मग म्हणाली, बरं, आणि गेली. गावचा दुसरा अर्ज आमच्याकडे दोन मार्चला दाखल झाला.

मार्चात लहान चाकांवर मोजणी झाली. आठ पूर्णांक तीन. दिनकररावांनी सही केली. ऑगस्टातल्या सहीत आणि या सहीत काडीचा फरक नव्हता, इतकं त्यांचं मन स्थिर होतं.

आणि इथे बन्सीधरराव पुढे आले. बन्सीधरराव म्हणजे हिवरवाडीच्या हायस्कूलच्या संस्थेचे अध्यक्ष. करंजटाकळीला आठवी निघाली तर तिथली सायकलवरची पोरं गावातच राहणार, हिवरवाडीची एक तुकडी कमी होणार आणि एक मास्तर जास्तीचा ठरणार. तो मास्तर त्यांचा पुतण्या होता. हे सगळं पाहता त्यांचं म्हणणं तत्त्वाचं होतं. त्यांनी आक्षेप घेतला की लहान चाकं ही मुळात साहेब लोकांची, शहरी. खेड्यातलं अंतर खेड्यातल्या चाकाने मोजलं पाहिजे. (आमच्या गाडीची ट्रॉलीची चाकं लोकसहभागातून मिळाली होती असं वर म्हटलं, ते लोक म्हणजे बन्सीधरराव.) दिनकररावांनी न्यायबुद्धीने एप्रिलअखेर, अवेळी चाक-बदलाची मंजुरी घेऊन, मधल्या चाकांवर तिसरी मोजणी घेतली. सात पूर्णांक सात.

आता नस्तीत तीन अंतरं झाली आणि तिन्ही खरी. कच्च्या मनाचा माणूस अशा वेळी गोंधळतो. आमच्या कार्यालयाने समिती नेमली.

जिल्ह्याहून दुसरी गाडी मागवून एकदाच मोजून घ्यावं, अशी सूचना आलीच नाही असं नाही. पण नामांतराच्या मोर्च्यांचे दिवस होते आणि जिल्ह्यातली धड चालणारी प्रत्येक गाडी बंदोबस्ताला उभी होती. शिवाय दुसऱ्या गाडीने चौथं अंतर दिलं असतं तर नस्ती फुगली असती. साखळीने मोजावं असंही एकजण म्हणाला. तो नवीन होता.

समितीची बैठक अठ्ठावीस मेला लागली. त्याआधीची एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण ती कुठल्याच इतिवृत्तात नाही. तिसऱ्या मोजणीला गाडी करंजटाकळीत तापून थांबली होती. साहेब लोक सरपंचांकडे चहाला गेले. ड्रायव्हर आश्रुबा बॉनेट उघडून उभा राहिला. बायनाबाईने घागरभर पाणी आणून दिलं आणि त्याला विचारलं, “भाऊ, ह्यो मीटर कोणत्या चाकाचं ऐकतो?”

आश्रुबा बारा वर्षं ती गाडी चालवत होता. त्या बारा वर्षांत तिच्याबद्दल त्याला कोणी काही विचारलेलं नव्हतं. समितीवर पाच माणसं होती. त्यांच्या शिक्षणाची एकूण बेरीज त्र्याहत्तर वर्षं. ड्रायव्हर त्यांत नव्हता, कारण विषय अंतराचा होता, गाडी चालवण्याचा नव्हता. त्याने हात पुसले आणि तिला सांगितलं, “मागच्या, बाई. इंजिनाचा जोर मागच्या चाकावर जातो आन् मीटरची तार तिथूनच निघती. पुढची चाकं काय, नुसती वळायला. चारी चारी बदलायला लावतेत मला, म्या बदलतो. कुणी पुसत न्हाई, म्या सांगत न्हाई.”

हे त्याने मला नंतर सांगितलं. मी अकरा वर्षं नोंदवहीत ‘चारही चाके बदलली’ असं लिहीत आलो होतो. मला थोडं वाईट वाटलं, पण नोंद चुकीची नव्हती.

बैठकीला समितीचे पाच सदस्य, त्यांत अर्थातच दिनकरराव. दोन्ही गावांच्या वतीने बन्सीधरराव आणि सूर्यभान. आणि इतिवृत्त लिहायला मी. बायनाबाई दाराच्या बाहेर बाकावर बसली होती. तिला बोलावलेलं नव्हतं, पण बाकावर बसायला मंजुरी लागत नाही. शाळा उघडायला अठरा दिवस उरले होते. झरीकडचे पाहुणे येत्या सोमवारी पोरगी बघायला येणार, हे सूर्यभानने मला पायऱ्यांवरच सांगितलं होतं. सांगताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

पावणेदोन तासांच्या चर्चेनंतर समितीने तोडगा काढला. मोठी चाकं एका पक्षाची, लहान चाकं दुसऱ्या पक्षाची. कोणावर अन्याय नको. तेव्हा दोन चाकं मोठी आणि दोन लहान लावून अंतिम मोजणी घ्यावी, म्हणजे अंतराची सरासरी आपोआप निघेल. एका सदस्याने पाटीवर गणित करून दाखवलं: सहा पूर्णांक नऊ आणि आठ पूर्णांक तीन, निम्मे केले की सात पूर्णांक सहा. बन्सीधररावांनी पान तोंडात घातलं. सात पूर्णांक सहा म्हणजे आठच्या आतच. सूर्यभानने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यालाही निम्मे करता येत होतं. बायनाबाई दारातून आत बघत होती. तिने पदर तोंडाशी धरला होता, आणि त्या क्षणी मला, एका लिपिकाला, वाटलं की ही नस्ती एखाद्या दिवशी विहिरीत टाकून द्यावी. हा विचार मी इतिवृत्तात घेतला नाही.

विषय संपला होता. सह्या व्हायच्या होत्या. पण आपल्याकडे निर्णय झाला तरी मान ठरायचा राहतो, आणि मान ठरल्याशिवाय कागदाला शाई लागत नाही. बन्सीधररावांनी विचारलं की पुढची चाकं कोणाची.

हा प्रश्न कोणाला सुचला नव्हता आणि सुचल्यावर मात्र तो सगळ्यांत मोठा वाटू लागला. लग्नात पुढच्या गादीवर कोण, सभेत पुढच्या खुर्चीवर कोण, पोळ्याला कोणाचे बैल पुढे, यावरून आमच्या तालुक्यात डोकी फुटलेली आहेत. बन्सीधरराव म्हणाले की हिवरवाडी मोठं गाव, तिथे हायस्कूल, तेव्हा आमचीच चाकं पुढं राहतील. जे पुढं जातं तेच अंतर कापतं, मागचं नुसतं ओढत येतं. यावर आतापर्यंत गप्प बसलेला सूर्यभान एकदम उठला. पोरीची आठवी हातची गेली होती. निदान मान तरी जायला नको, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तो म्हणाला की अर्ज करंजटाकळीचा हाय, मोजणी करंजटाकळीहून सुरू व्हती, पुढं आमचीच चाकं लागतील, न्हाईतर गाडी गावातून हलू देणार न्हाई. दिनकरराव घामाघूम झाले. एका सदस्याने प्रस्ताव मांडला की एक मोठं आणि एक लहान पुढे लावावं. समितीतल्या दोघांना तो पटूही लागला होता.

तेव्हा बायनाबाई दारात उभी राहिली. ती नवऱ्याशी बोलली नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोलावं तसं बोलली.

“पुढचा मान हिवरवाडीला देऊन टाका साहेब. आमाला मागं बसायची सवय हाय.”

सूर्यभानचं तोंड लाल झालं. भर बैठकीत बायकोने गावाचा मान सोडून दिला, हे पुढे चार वर्षं त्याला लोक ऐकवत होते. त्याने तिच्याकडे बघितलं. ती खाली बघत नव्हती. वीस वर्षांच्या संसारात माणसाला बायकोची एक तरी नजर वाचता येते. तो हळूच खाली बसला आणि म्हणाला, “बरं हाय. मागं तर मागं.”

बन्सीधररावांना एवढा सहज विजय मिळेल असं वाटलं नव्हतं. तो पक्का करून घ्यावा म्हणून त्यांनी मला ठरावात शब्द घालायला लावले: ‘मोठी चाके पुढे व लहान चाके मागे राहतील, यात कोणत्याही कारणास्तव बदल करता येणार नाही.’ मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. खाली दोन्ही पक्षांच्या सह्या घेतल्या. इतक्या आनंदाने मी आयुष्यात दुसरा ठराव लिहिलेला नाही, आणि का आनंद झाला हे तेव्हा मला माहीत नव्हतं. दाराबाहेर व्हरांड्यात आश्रुबा भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. त्याला दम्याचा त्रास असावा असं मला वाटलं.

पाहुण्यांचा सोमवार सूर्यभानने पुढच्या सोमवारवर ढकलला.

मोजणी चार जूनला झाली. पुढे ट्रॉलीची चाकं आणि मागे अॅम्बॅसिडरची, त्यामुळे गाडी नाक वर करून उभी होती. पुढच्या सीटवर मानाने बन्सीधरराव. त्यांना रस्ता दिसत नव्हता, फक्त आकाश दिसत होतं, पण ते समाधानी होते. त्यांच्या शेजारी दिनकरराव, नजर मीटरवर. मी मागे, लॉगबुक मांडीवर. अंबिका शाळेच्या ओट्यावर बसून गाडीकडे बघत होती. आईने तिला काही सांगितलेलं नसावं, कारण ती दोन्ही हातांची नखं खात होती.

हिवरवाडीच्या हायस्कूलसमोर गाडी थांबली. आठ पूर्णांक तीन.

दिनकररावांनी मीटरच्या काचेवर टिचकी मारली. आकडा हलला नाही. बन्सीधररावांनी परत मोजायला लावलं. परत आठ पूर्णांक तीन. तेव्हा ते म्हणाले की चाकं उलटी लावा. दिनकररावांनी नस्तीतला ठराव काढून ‘कोणत्याही कारणास्तव’ हे शब्द त्यांना वाचून दाखवले. सरासरी वर कशी गेली, याचं कारण समितीच्या अहवालात असं दिलं आहे की गाडी चढाच्या स्थितीत असल्याने तिला जास्त चालावं लागलं. हा खुलासाही शास्त्रीय आहे.

बावीस जूनला करंजटाकळीत आठवीचा वर्ग सुरू झाला. अकरा मुली (आधी घरी बसलेल्याही परत आल्या), नऊ मुलं, ग्रामपंचायतीची खोली, एक फळा. हजेरीत पहिलं नाव अंबिका सूर्यभान. झरीकडच्या पाहुण्यांना निरोप गेला की पोरगी शिकायलीय, आता थांबा. मला फार आनंद झाला. आनंदाची नोंद करायला कार्यालयात नमुना नाही, म्हणून मी त्या दिवशी आश्रुबाला घेऊन फाट्यावर गेलो आणि दोघांनी चार चार भजी खाल्ली.

जुलैत बायनाबाई पुन्हा आली. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा होत्या, आणि सोबत वडाचीवाडीची कडूबाई. कडूबाईची नात त्या वर्षी सातवीत होती. वडाचीवाडीही हिवरवाडीच्या हायस्कूलला जवळची, पण करंजटाकळीहून थोडी अलीकडे. बायनाबाईने तिला सगळं समजावून आणलं होतं: कोणती चाकं कधी, पुढं कोणती, मागं कोणती, मान कसा सोडायचा. आम्ही पाच तारखेला आश्रुबाला घेऊन खाजगीत मोजून पाहिलं. मधल्या चाकांवर सात पूर्णांक चार. लहान चाकं लावली. सात पूर्णांक नऊ. आठला थोडक्यात कमी.

कडूबाई ओट्यावर बसून राहिली. आश्रुबा म्हणाला की अजून लहान चाकं बघावी लागतील. चंद्रभान मिस्त्रीला विचारलं, तो म्हणाला तीनचाकी टेम्पोची बसवून बघू. मी स्कूटरची सुचवली. दिनकररावांनीही, तत्त्वाला बाध येणार नाही अशा बेताने, हातगाडीच्या चाकाबद्दल चौकशी केली. जवळजवळ महिनाभर आमचं सगळं कार्यालय जिल्ह्यातलं सगळ्यांत लहान चाक शोधत होतं, आणि त्या महिन्याइतकं जिवंत कार्यालय मी पुढे कधी पाहिलं नाही.

चाक अजून मिळालेलं नाही. तुम्ही इथवर वाचत आलात. हसलात, बायनाबाईची बाजू घेतलीत, आणि खरं सांगा, हा परिच्छेद वाचताना तुम्हीही मनातल्या मनात एखाद्या गाडीचं चाक आठवून पाहिलंत. ते कुठे मिळेल ते पोस्टकार्डावर जरूर कळवा. मूल आठ किलोमीटर चालेल असं सांगणारा तो आठ कोणी ठरवला, आणि तो सातवर किंवा तीनवर का आणू नये, असं विचारणारं एकही पत्र मला आजवर आलेलं नाही, आणि तुमचंही येणार नाही याची मला खात्री आहे.